जोडलेली मान

"माणसं बाहेर काढली, की मग हे लोक त्या जागेला बघण्यासारखी म्हणतात," असं नोनी क्लोहेसी एकदा म्हणाली होती.

ती तेव्हा किल्ल्याच्या फाटकासमोर उभी होती, हातात बटाट्यांची पिशवी. तिकिटाच्या रांगेतल्या एका जर्मन जोडप्याने तिला विचारलं होतं, आत बघण्यासारखं काय आहे? उत्तर त्यांना कळलं नाही. त्यांनी हसून मान डोलावली आणि तिकिटं काढली.

नोनी त्याच किल्ल्यात जन्मली. हे ऐकलं की परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे राजकन्या येते. लिमरिकच्या नगरपालिकेने पूर्वी किल्ल्याच्या पटांगणात गरिबांसाठी घरं बांधली होती, एवढीच त्यातली राजेशाही. चहूबाजूंनी बुरूज, मधे दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी, आणि भिंतीपलीकडे शॅनन नदी. भरतीला ती फुगायची आणि ओहोटीला चिखलाचा वास मागे ठेवून जायची. नोनीचे वडील नदीतली वाळू काढणाऱ्या होड्यांवर होते. आई, लिझी, घरात होती, म्हणजे सगळीकडे होती. शत्रूला थोपवायला बांधलेल्या त्या भिंतींनी घरांचं ऊन तेवढं थोपवलं. राजाच्या दगडांचा तिथे कुणाला अभिमान नव्हता. ओल त्याच दगडांतून यायची.

पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की किल्ला ही बघायची वस्तू आहे. घरं पाडली. माणसांना शहराच्या कडेला नव्या वसाहतींत नेऊन ठेवलं. तिथे संडास घरात होते आणि उंबऱ्यावर बोलायला कुणी नव्हतं. लिझी त्या घरात एक हिवाळा राहिली आणि गेली. नोनी मात्र बेटावरून हलली नाही. लिमरिकचा जुना भाग नदीच्या दोन धारांमध्ये आहे, त्याला आम्ही बेट म्हणतो. तिने किल्ल्यामागच्या आमच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या, नवऱ्याला तिथूनच पुरलं, आणि खिडकीत बसून पाहुण्यांना रस्ता सांगायचं काम स्वतःकडे घेतलं. ते काम तिला कुणी दिलं नव्हतं.

"बाई, तहाचा दगड कुठे आहे?"

"पुलापलीकडे, चबुतऱ्यावर. त्याच्यावर इंग्रजांनी तह केला आणि शाई वाळायच्या आत मोडला. आम्ही दगड जपून ठेवलाय. फसवणुकीला चबुतरा बांधणारं गाव बघायचं असेल तर जा."

"आणि कॅथीड्रल?"

"तिथे कोरीव खुर्च्या आहेत. उभं असल्यासारखं दाखवून पाद्र्यांना बसता यावं म्हणून केलेल्या. ढोंगासाठी इतकी सुबक सुतारकी दुसरीकडे मिळणार नाही."

"मग बघायचं तरी काय?"

"नदी बघा. तिच्यावर अजून कुणी दार बसवलेलं नाही."

कॅथीड्रलमध्ये ती स्वतः जन्मात गेली नव्हती. ते दुसऱ्या पंथाचं. खुर्च्यांची गोष्ट तिने कुणाकडून तरी ऐकली होती आणि तिला ती पुरेशी होती. नोनी न्यायी बाई नव्हती. गल्लीतल्या कुणाच्या पडद्यांबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल, कुणाच्या पावाबद्दल तिच्या तोंडून बरा शब्द निघाल्याचं मला आठवत नाही. तिच्याकडे दागिना एकच होता, तुच्छता, आणि तो ती रोज घालून बसायची. आम्ही हसायचो, कारण तोवर पाळी पाहुण्यांची असायची.

अशा बाईचा विश्वास देवावर असेल असं वाटणार नाही. फारसा नव्हताच. ती चर्चला जायची ते फादर टिअरनींच्या प्रवचनातल्या चुका काढायला. पण एका वस्तूवर तिचा विश्वास होता. ती म्हणजे तिच्या आईचा प्रागचा बाळराजा.

हा बाळराजा आमच्याकडे घरोघरी असतो. प्लास्टरचा बाळ येशू, लाल झगा, डोक्यावर मुकुट, एका हातात पृथ्वी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याला नवरीच्या घराबाहेर कुंपणाखाली ठेवतात, म्हणजे दुसरा दिवस कोरडा जातो. पण त्याचं डोकं तुटलेलं असावं लागतं. तेही कुणी तोडलेलं चालत नाही, आपसूक तुटावं लागतं. अखंड डोक्याचा बाळराजा म्हणजे नुसती शोभा. लिझीच्या बाळराजाचं डोकं गेलं ते बेटावरचा बासरी-ढोलाचा बँड एका सणाला किल्ल्याच्या आवारात वाजला तेव्हा. मोठ्या ढोलाचा आवाज चारी भिंतींवर आपटून परत आला, फळी हादरली, आणि डोकं खाली चुलीजवळ गडगडलं. लिझीने म्हणे आनंदाने शेजाऱ्यांना हाका मारल्या. त्यानंतर ते डोकं मानेवर नुसतं टेकवून ठेवलेलं असायचं. धूळ पुसताना नोनी ते अंगठ्याने धरायची, जशी आपण लहान पोराची हनुवटी धरतो.

त्या घरातल्या सगळ्या लग्नांना तो कुंपणाखाली बसला. फक्त एका लग्नाला नाही. नोनीच्या मुलीचं, कार्मेलचं लग्न घरं पाडली त्या वर्षी झालं. सामान खोक्यांत होतं आणि बाळराजा कुठल्या खोक्यात ते कुणाला सापडलं नाही. पाऊस पडला. पाऊस काय, लिमरिकमध्ये पडतोच. पण कार्मेलचा नवरा पुढे कामासाठी समुद्रापलीकडे, कॉव्हेंट्रीला गेला आणि कामावरच राहिला. कार्मेलने पोरीला एकटीने वाढवलं. नोनीने याचा दोष कुणाला दिला नाही. ज्या बाईने उभ्या गावाला दोष दिला, तिने या एका बाबतीत कुणालाच दिला नाही, यावरून काय ते समजावं.

आता त्या पोरीचं, ईमरचं, लग्न ठरलं होतं. ऑक्टोबरात.

त्याच वर्षी वसंतात किलियन आला. डब्लिनचा, नीट कापलेली दाढी, प्रत्येक वाक्य माफी मागितल्यासारखं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक धान्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. ते त्याच्या मंडळाने घेतलं होतं आणि तिथे 'बेटावरची चूल' नावाचं प्रदर्शन उभं राहायचं होतं. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसांशी कसं वागायचं ते नोनीला येत होतं.

"मिसेस क्लोहेसी, तुमच्या आईचं स्वयंपाकघर आम्ही पुन्हा उभं करतोय," तो तिच्या टेबलाशी बसून म्हणाला. केक घेऊन आला होता.

"का? ती परत येणार आहे?"

"नाही, म्हणजे, लोकांना बघता यावं म्हणून."

"माझ्या आईला स्वयंपाकघरात कुणी बघितलेलं आवडायचं नाही. विमेवाल्याला ती दारातच उभं करायची. आणि हा केक कुणी केलाय?"

"मीच केलाय."

"वाटलंच."

त्याने चित्रं पसरली. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोरचा लाल दिवा, पत्र्याचा अंघोळीचा टब, प्लास्टिकचा पाव. फळीवर दुकानातून आणलेला कोरा करकरीत बाळराजा, मुकुट चमकणारा.

नोनीने त्यावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"प्रागचा बाळराजा. सगळ्यांकडे असायचा ना?"

"आणि त्याचं डोकं?"

"काय झालं डोक्याला?"

"जागेवर आहे."

किलियन मनापासून हसला. तो हसला म्हणून नोनीला वाटलं, याला कळलं. सगळा घोटाळा त्या हसण्यात आहे. आमच्यात हे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, जसं पाणी ओलं असतं हे सांगत नाही.

आईच्या फळीवर परका बाळराजा उभा राहावा हे तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गोदामात गेली. धड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आणि डोकं वेगळं, लोकरीच्या मोज्यात.

"उसना देतेय," ती म्हणाली. "ईमरच्या लग्नाच्या आदल्या दिवशी न्यायला येईन."

"अवश्य, मिसेस क्लोहेसी. आम्ही जिवापाड जपू."

हा शब्द त्याने पाळला, हेच वाईट झालं.

प्रदर्शन सप्टेंबरात उघडलं. दोन भाषणं झाली. त्यात 'वारसा' हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी खरंच कुणी मेलं असावं असं वाटू लागलं. आम्ही बेटावरचे लोक दोरीच्या अलीकडे उभे होतो आणि दोरीच्या पलीकडे आमचीच टेबलं होती. माझ्या मावशीची किटली मी ओळखली. तिच्यावर वाकडी पाटी होती. आमच्यातले काही जण डोळे पुसत होते. माणसाला स्वतःची किटली काचेत ठेवून दाखवली की तो रडतो. चुलीवर ठेवून दाखवली तर चहा मागतो.

मग किलियनने नोनीला हाताला धरून फळीसमोर नेलं. बाळराजा उभा होता. झग्याला नवा लाल रंग, पृथ्वी झळाळलेली, आणि डोकं मानेवर घट्ट. जोड कुठे दिसत नव्हता.

नोनी पुढे वाकली.

"किलियन, पोरा," ती म्हणाली, "याचं डोकं कुणी बसवलं?"

"डब्लिनला एक बाई आहेत, जुन्या मूर्ती दुरुस्त करतात. सगळा उन्हाळा त्यांच्याकडे होता. म्हटलं, तुम्हाला सांगायचं नाही, एकदम दाखवायचं." त्याचा चेहरा फुलला होता. "तुमच्यासाठी भेट."

"तुला काय वाटलं, आमच्या घरात सरस नव्हता?"

"अं?"

"माझ्या आईने बूट चिकटवले, खुर्च्या चिकटवल्या, बापाचे तुटलेले दात चिकटवले. एवढं एक डोकं तिला चिकटवता आलं नसतं?"

मग तिथेच तिने त्याला सांगितलं, कुंपण, लग्न, आपसूक, सगळं. लोक गोळा झाले. किलियन पांढराफटक पडला.

"मग, मिसेस क्लोहेसी, आपण ते परत काढू. मी त्या बाईंना फोन करतो."

"काढायचं नसतं रे बाबा," नोनी म्हणाली. "पडायचं असतं."

त्यानंतरचे आठवडे तिने ज्या विवंचनेत काढले ती कुणालाही हसण्यासारखी वाटेल. आम्ही हसलोही. शेजारची बॅब्स आपला बाळराजा द्यायला आली, त्याचं डोकं तिच्या मांजराने पाडलं होतं. नोनीने त्याच्याकडे बघितलंही नाही. "तुझ्या मांजराचं पुण्य माझ्या नातीला नको," म्हणाली. ईमर आली, नखं रंगवलेली, घाईत.

"नॅन, जेवण हॉटेलात आहे. वर छप्पर आहे."

"तुझ्या आईच्या लग्नालाही छप्पर होतं."

ईमरने आजीच्या हातावर हात ठेवला आणि निघून गेली. चेष्टा करायची सोय त्या दिवशी संपली. नोनीला ऊन-पावसाचं काही पडलेलं नव्हतं. या पोरीचं लग्न तरी टिकावं, एवढंच होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर तिने फादर टिअरनींना पायरीवर गाठलं. मी शेजारीच होतो.

"फादर, समजा, मी तो घेऊन चाललेय आणि माझा पाय घसरला?"

"घसरेल का तो, नोनी?"

"या वयात घसरू शकतो."

"मग घसरल्यावर ये की. आजच कशाला विचारतेस?"

"पाप आहे का ते विचारतेय."

"पाप नाही. पण ठरवून घसरणं म्हणजे नाच, नोनी. त्याला अपघात म्हणत नाहीत."

"बाळराजाला कळेल म्हणता?"

"त्याला कळो न कळो. तुला कळेल."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बरं बोललात," ती म्हणाली आणि निघाली.

शेवटी तिने एक मार्ग काढला. कुंपण होतं ईमरच्या घरी, शहराच्या कडेच्या वसाहतीत. तिकडे बस जाते. त्या रस्त्यावर इतके खड्डे आहेत की गरोदर बाया त्या बसला टाळतात. बाळराजाला कापडी पिशवीत घालायचं, पिशवी मांडीवर नाही, शेजारच्या बाकावर ठेवायची, आणि खिडकीबाहेर बघत बसायचं. पुढे खड्डे बघून घेतील.

"खड्डे काय मी खणलेत?" तिने मला विचारलं. "मला कुठे ठाऊक बस कुठून जाईल ते?"

"ठाऊक आहे तुला. तू रोज शिव्या देतेस."

"शिव्या देणं म्हणजे ठाऊक असणं नव्हे," ती म्हणाली. ती खरोखर त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत होती. सगळ्या गावाचं ढोंग ओळखणारी बाई स्वतःसाठी एक लहानसं ढोंग शिवत बसली होती, आणि टाके तिला नीट घालता येत नव्हते.

शुक्रवारी दुपारी आम्ही गोदामात गेलो. पिशवी माझ्या हातात होती. आत पाहुण्यांचा एक घोळका होता, पावसाळी कोट घातलेले अमेरिकन, बोटीतून उतरवलेल्या गुरांसारखे एकमेकांना चिकटून चालणारे. किलियन वाट बघत होता. त्याने पांढरे सुती हातमोजे घातले होते आणि टेबलावर स्पंजाने मढवलेली पेटी उघडी ठेवली होती.

"मी माझ्या गाडीतून नेऊन देतो, मिसेस क्लोहेसी. पेटीत अगदी हलणारसुद्धा नाही."

"मला पेटी नको. गाडी नको. हातात दे."

"पण रस्ता फार खराब आहे."

"असू दे."

"परवा रात्री मला झोप लागली नाही," तो हळूच म्हणाला. "आता तरी याला काही होऊ नये. माझ्यामुळे आणखी काही होऊ नये."

नोनीच्या ओठांवर काहीतरी आलेलं मी बघितलं, आणि तिने ते गिळलं. तेवढं सौजन्य मी तिच्यात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. किलियनने दोरी ओलांडली, फळीवरून बाळराजाला दोन्ही हातांनी उचललं, आणि वळून सगळ्यांना दिसेल असा धरला. सवयच ती. पाहुण्यांनी फोन वर केले.

"ही मूर्ती याच बाईंच्या घरातली," तो त्यांना सांगू लागला, "आणि उद्या त्यांच्या नातीचं..."

नव्या रंगावर सुती कापड धरत नाही. बाळराजा त्याच्या हातांतून असा निघाला, जसा साबण निघतो. किलियनने झेप घेतली, हवा पकडली. मूर्ती दगडी फरशीवर आपटली.

आवाज मोठा झाला. मी डोळे मिटले, आणि खोटं कशाला बोलू, आनंदाने मिटले. हा अपघात होता. यात नोनीचं बोटही नव्हतं. फादर टिअरनींनाही नाव ठेवता आलं नसतं.

डोळे उघडले तेव्हा फरशीवर पांढरा चुरा होता. झग्याचे तुकडे, पृथ्वीचे दोन भाग, एक हात. धड पायापासून छातीपर्यंत फुटलं होतं. आणि त्या चुऱ्यात, मुकुटासकट, खांद्यांसकट, बाळराजाचं डोकं मानेवर होतं. तडासुद्धा गेला नव्हता.

घोळक्यातल्या एकाने टाळी वाजवली, दोघातिघांनी साथ दिली, आणि एका बाईने मला विचारलं, "हा कार्यक्रम रोज असतो का? किती वाजता?"

किलियन गुडघ्यांवर बसला होता आणि हातमोज्यांनी तुकडे गोळा करत होता. लहान मुलासारखा रडत होता. "मिसेस क्लोहेसी," एवढंच म्हणत होता, "मिसेस क्लोहेसी."

मी नोनीच्या तोंडाकडे बघत होतो. सगळी गल्ली जन्मभर ज्या वाक्यांवर जगली त्यांतलं सर्वांत जहरी वाक्य आता येणार, आणि ते मी घरोघरी नेणार, अशी माझी तयारी होती. ती दोरी ओलांडून आत गेली आणि वाकली. गुडघा दुखत असावा, टेबलाला धरून वाकली. चुऱ्यातून तिने ते डोकं उचललं, खांद्यांसकट, आणि तळहातावर उताणं ठेवलं. अंगठा मानेवरून फिरवला, एका बाजूने आणि मग दुसऱ्या. जिथे तो पूर्वी अडायचा तिथे आता काहीच नव्हतं. सगळं गुळगुळीत होतं, जन्मल्यासारखं.

मग तिने किलियनचा एक हात धरला, हातमोज्यातली बोटं उघडली, डोकं त्यात ठेवलं आणि बोटं पुन्हा मिटवली. पाहुण्यांनी तिला वाट करून दिली. ती कुणाकडेही न बघता दोरी ओलांडून गेली, आणि एक शब्द न बोलता बाहेर पडली.